सड्यावरची विमानं आणि माझा उजवा डोळा

माझ्या दुकानात विमानं गोणपाटातून येतात. कधी जुन्या चादरीत गुंडाळून, कधी रिक्षाच्या मागच्या सीटवर आडवी टाकून, एक पंख बाहेर काढून. धड विमान घेऊन माझ्याकडे कुणी येत नाही. त्यामुळे दारात गिऱ्हाईक उभं राहिलं की आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघायची सवय लागली. घरातलं कुणी आजारी असल्यासारखा चेहरा असला, तर विमान मोठं आणि परदेशातून आणलेलं, हे न बघता कळतं.

माझा मूळ धंदा वेगळा. मिरकरवाड्याच्या बंदराजवळ माझं दुकान आहे. मच्छीमार बोटींवरचे वायरलेस सेट आणि मासे कुठे आहेत ते दाखवणारी यंत्रं दुरुस्त करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. पण आमच्या रत्नागिरीत ज्याच्या त्याच्या घरातलं कुणीतरी मोठ्या बोटीवर असतं. ही माणसं रजेवर येताना सिंगापूर, दुबईहून रिमोटवर उडणारी विमानं आणायला लागली. रजा संपायच्या आत ते विमान उडवायचं असतं, आणि पहिल्याच रविवारी ते कातळावर आपटतं. रेडिओतलं कळणारा गावात मी. मग काय, वायरलेस बाजूला पडले आणि हाच धंदा झाला. पुढे मी स्वतः उडवायला शिकलो, मग दुसऱ्यांना शिकवायला लागलो.

ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बाल्सा नावाचं एक लाकूड असतं, थर्माकोलसारखं हलकं. त्याच्या फासळ्या जोडून पंख करायचे, वर इस्त्रीने रंगीत फिल्म ताणून बसवायची. पोटात बॅटरी आणि रेडिओ, नाकावर इंजिन. हातातल्या रिमोटला दोन दांड्या. दोन्ही अंगठ्यांनी त्या जेमतेम हलवायच्या. अवघड भाग पुढेच आहे. विमान आपल्यापासून लांब जात असतं तेव्हा उजवी दांडी म्हणजे उजवीकडे. तेच विमान आपल्याकडे तोंड करून यायला लागलं की सगळं उलटं दिसतं. वर आकाशात ते आपल्याकडे येतंय की आपल्यापासून जातंय, हे ओळखायला डोळ्यांशिवाय दुसरं साधन नाही.

लोक याला खेळ म्हणतात. खेळच आहे. पण पेट्रोलवर चालणारं मोठं विमान म्हणजे अर्ध्या कळशीएवढं वजन, आणि पुढे गरगरणारा पंखा. ते एसटीपेक्षा जोरात जातं आणि त्याला ब्रेक नसतो. आम्ही उडवतो ते सड्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या उघड्या कातळाच्या पठारावर. तिथे कुणी गुराखी दिसला, लांबून कुणी बाई सरपणाची मोळी घेऊन जाताना दिसली, तरी मी विमान खाली घ्यायचो. मित्र हसायचे. हसू देत.

तसे गमतीचे प्रसंगही पुष्कळ. गोळपच्या बाजूला हापूसची बाग असलेले एक खातूशेठ आले होते. वानरांनी बाग नासवली होती. म्हणाले, "दत्ताराम, मला गरुडासारखा विमान करून दे. वांदर भियाले पायजेत." मी तपकिरी पंखांचं, पांढऱ्या डोक्याचं, चोचीचं विमान केलं. पहिल्या दिवशी वानरं अशी पळाली की खातूशेठनी मला मिठी मारली. आठवडा गेला नाही तोवर त्यांतला एक मोठा हुप्प्या फांदीवर मांडी ठोकून विमानाच्या फेऱ्या बघायला लागला. मग एक दिवस खऱ्या घारीने माझ्या गरुडावर झडप घातली आणि ते ऐन मोहोरात झाडावर कोसळलं. मोहोराची अख्खी फांदी खाली आली. खातूशेठ वर बघत म्हणाले, "वांदर परवडले, दत्ताराम. ते निदान फांदी तरी ठेवतात."

आता मंगलबद्दल सांगतो, कारण हे लिहायला बसलो ते तिच्यामुळे.

मंगल जवळच्याच मिऱ्या गावातली. शिवणकाम करते. घरातल्या पडवीत दोन मशिनं आहेत. नवरा प्रमोद तेलवाहू जहाजावर इंजिनाकडे आहे. तो रजेवर आला होता तेव्हा त्याचं लाल रंगाचं मोठं पेट्रोल विमान मीच जुळवून दिलं होतं. तो परत जहाजावर गेला आणि महिन्याभराने मंगल दुकानात आली. हातात तांदळाचं पोतं. तिने ते टेबलावर उपडं केलं. लाल फिल्म, फासळ्यांचे तुकडे, वाकलेली चाकं.

"हे काय? प्रमोद तर बोटीवर आहे."

"होय ना. म्हणून तर." ती दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "काका, हे यांना कळायच्या आत जोडून द्या."

प्रमोद गेल्यावर ती एकटीच विमान सड्यावर घेऊन गेली होती. नवऱ्याला बघून बघून येईल असं वाटलं तिला. उडालं, वळलं आणि पडलं.

मला राग आला. एकटं, न शिकता, एवढं मोठं विमान! मी तिला चांगलं सुनावलं. कुणाच्या डोक्यात पडलं असतं तर, असं विचारलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मग शिकवा ना ओ."

"कशाला शिकायचंय तुला?"

ती फासळीचा एक तुकडा दुसऱ्याला जुळतो का ते बघत राहिली. "ते तिकडे असतात तेव्हा फोन लागत नाय. कधी आठवडा, कधी जास्त. टीव्हीवर कायतरी दाखवतात, अमक्या समुद्रात बोट पकडली, तमक्यात आग लागली. मशिनवर बसले तरी डोक्यात तेच. त्या दिवशी विमान वर होतं तेवढा वेळ डोक्यात दुसरं कायच आलं नाय. पडायची भीती होती, पण ती एकच भीती होती."

मी शिकवायला तयार झालो.

शिकवताना दोन रिमोट वायरने एकमेकांना जोडतात. एक गुरूचा, एक शिकणाऱ्याचा. गुरूच्या रिमोटला स्प्रिंगचं एक बटण असतं. ते दाबून धरलं की विमान शिकणाऱ्याच्या ताब्यात. बोट सोडलं की त्याच क्षणी परत गुरूकडे. शिकणाऱ्याचा तोल गेला की नुसतं बोट उचलायचं. सोपं वाटतं. पण बोट लवकर उचललं तर माणूस शिकत नाही, आणि उशिरा उचललं तर विमान जातं. मंगलच्या बाबतीत मी नेहमी लवकर उचलायचो. ती वैतागायची. "काका, मी सावरत होते!" म्हणायची. सावरत होती, खरं आहे. सुईत दोरा ओवणारी बोटं होती ती, दांड्या कशा हळू हलवायच्या हे तिला सांगावं लागलं नाही. तरी उतरवायची वेळ आली की मी विमान माझ्याकडे घ्यायचो. उतरवणं सगळ्यांत अवघड, आणि विमान दुसऱ्याचं. तिने एकटीने ते कधीच उतरवलं नव्हतं.

प्रमोदला ते सगळं कळलंच. पुढच्या रजेत आला, माझ्यादेखत पडवीतल्या विमानाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "काका, हा लाल माझा लाल नाय." मंगल आत पळाली. तो हसत बसला. जाताना म्हणाला, "शिकवा तिला नीट. माझ्यापेक्षा तिचा हात बरा आहे."

त्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. सड्यावरच्या एका हायस्कूलने क्रीडा महोत्सवात विमान उडवून दाखवाल का असं विचारलं. मी नको म्हणत होतो. गर्दीत उडवायचं माझ्या जिवावर येतं. पण मुलं खूश होतील असं मंगल म्हणाली, शिवाय विमान तिचं. ठरलं असं की उडवायचं मी, मध्ये दोन सरळ फेऱ्या तिने मारायच्या, उतरवायचं मी.

सकाळी आमच्याकडे जमिनीवरून समुद्राकडे हलका वारा असतो. विमान नेहमी वाऱ्याच्या तोंडावर उतरवायचं, म्हणजे ते हळू येतं. त्या हिशोबाने ते समुद्राच्या बाजूने, मोकळ्या उतारावरून आत येणार होतं. पाहुण्यांचा मांडव मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे पूर्वेला. सगळं ठीक होतं. फक्त प्रमुख पाहुणे आले नाहीत. आले ते ऊन चढल्यावर. त्यांचं भाषण झालं, सत्कार झाला, आणि तोवर वारा फिरला. समुद्राकडून खारा वारा यायला लागला. आता विमान मांडवावरून आत यायला हवं होतं, आणि मांडवात, मांडवाच्या पुढे, मागे, सगळीकडे मुलं बसली होती.

मी खेळाच्या शिक्षकांना, जाधव सरांना गाठलं. "सर, वारा फिरला. मुलांना दक्षिणेकडे हलवा, नाहीतर मी उडवत नाही."

"काका, सहाशे मुलं आता कुठे हलवू? पाहुणे निघतायत. थोडंसं उडवा, लगेच उतरवा."

मी मैदान बघितलं. मांडवाला वळसा घालून, कडेने तिरकं आणून शेवटच्या क्षणी सरळ करता येईल असं वाटलं. तसं मी पुष्कळदा केलं होतं. हो म्हटलं.

आणखी एक गोष्ट सकाळपासून चालली होती. आकाशात मला दोनतीन काळे ठिपके दिसत होते. मी मंगलला विचारलं, "घारी आल्या काय ग?"

"कुठे? नाय ओ काका. आकाश साफ आहे."

मी चष्मा पुसला. ठिपके जरा सरकले, पण गेले नाहीत. माझा डावा डोळा लहानपणापासून अधू आहे. त्याने उजेड आणि हालचाल कळते, बाकी काही नाही. सगळी कामं उजव्यावर. ऊन लागलं असेल म्हटलं आणि इंजिन चालू केलं.

विमान छान उठलं. समुद्राकडे तोंड करून गेलं, वळलं, मांडवापासून लांबून एक गिरकी घेतली. मुलांचा जो आवाज झाला तो अजून कानात आहे. मग मी बटण दाबलं आणि मंगलने दोन फेऱ्या मारल्या. रेघ आखल्यासारख्या. मी बोट उचललं, विमान माझ्याकडे घेतलं आणि उतरवायला लांबचं वळण सुरू केलं.

त्या वळणावर उजव्या डोळ्यात विजेसारखं काहीतरी चमकलं. मग चुलीत फुंकर मारल्यावर राख उडावी तसे काळे ठिपके उडाले, आणि पाठोपाठ दौत कलंडल्यासारखं सगळं तपकिरी, लालसर होत गेलं. डोळा मिटला, उघडला. तेच. विमान नाही, मैदान नाही, हातातला रिमोटसुद्धा नाही. इंजिनाचा आवाज मात्र येत होता.

"मंगल, विमान दिसतंय तुला?"

"होय की. समोरच आहे. काका, ते खाली येतंय, वर घ्या!"

"मला दिसत नाही."

"उन्हात गेलं काय?"

"डोळा गेला माझा. काही दिसत नाही. तू घे." मी बटण दाबलं. "घेतलंस?"

तिचा श्वास मला ऐकू आला. मग इंजिनाचा आवाज बदलला, वर चढल्यासारखा. "घेतलं," ती म्हणाली.

त्यानंतर मला एकच काम उरलं. ते बटण दाबून धरायचं. बोट सुटलं असतं तर विमान माझ्याकडे, म्हणजे कुणाकडेच नाही अशा हातात आलं असतं. घामाने बोट निसरडं झालं होतं. मी त्यावर दुसऱ्या हाताचं बोट दाबलं. माइकवरचे सर सांगत होते, "आता विमान आपल्याला सलामी देणार आहे!" मुलं टाळ्या वाजवत होती. त्या मैदानात काय चाललंय हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं.

"मांडवाला वळसा घाल," मी म्हटलं. "कडेने तिरकं आण, मी सांगतो तसं."

"मला नाय जमायचं ते."

"जमेल. हळू डावीकडे घे."

"काका, तिकडे पोरं उठून उभी राहिलीत. मी तिकडून नाय आणणार." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता, पण शब्द स्पष्ट होते. "उत्तरेकडून आडवं आणते. तिकडे कुणी नाय. नुसता गडगा आहे."

गडगा म्हणजे जांभ्या दगडांची रचलेली भिंत. त्या बाजूला सपाट पट्टी नव्हती, खडबडीत कातळ आणि करवंदीची जाळी होती. वारा आडवा लागणार होता. "पंख टेकेल," मी म्हटलं. "विमान उरणार नाही, मंगल."

"नाय उरलं तर नाय उरलं. बटण सोडू नका."

आवाज माझ्या उजव्या हाताला लांब गेला, वळला, जवळ यायला लागला. मी आयुष्यभर इंजिनांचे आवाज ऐकले, पण इतका जीव कानात आणून कधी ऐकलं नव्हतं. ते किती उंच आहे ते कळेना. मला विचारायचं होतं, पण विचारलं तर तिचं लक्ष उडेल म्हणून ओठ दाबून उभा राहिलो. मग इंजिन बंद झालं. तिनेच बंद केलं होतं. नुसता वारा. मग कातळावर खरकन घासल्याचा आवाज, लाकूड मोडल्याचा, आणि दगडावर धाडकन.

मुलांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला.

"कुणाला लागलं?"

"नाय. कुणाला नाय." तिने माझ्या मुठीतून रिमोट काढून घेतला. बोट सरळ होईना, ते तिनेच एकेक पेर सोडवून सरळ केलं. "चला आता. बसा खाली. मान हलवू नका. मी गाडी बघते."

मोडक्या विमानाकडे ती गेली नाही. मला घेऊन थेट दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात उजेड टाकून बघितलं. डोळ्याच्या आतला पडदा फाटलाय, आत रक्त सांडलंय, आजच्या आज कोल्हापूर गाठा, म्हणाल्या. माझी बायको शैला घरून आली ती देवाचा अंगारा घेऊनच. आंबा घाटाच्या प्रत्येक वळणावर ती माझं डोकं दोन्ही हातांनी धरून बसली होती. मी विचारलं, "डोळा गेला तर काय करशील?" ती म्हणाली, "गप्प बसा. डोकं हलतं बोलताना."

ऑपरेशन झालं. पडदा जागेवर बसावा म्हणून डोळ्यात गॅसचा बुडबुडा भरला होता, आणि तो वर राहावा म्हणून मला दिवसरात्र तोंड खाली करून पडायचं होतं. जेवण तसंच, झोप तशीच. दिसत होती ती फक्त फरशी, तीही धुक्यातून. दिसेल की नाही, हे डॉक्टर नक्की सांगत नव्हते. त्या दिवसांत मी रोज मनातल्या मनात विमान उतरवत होतो आणि रोज ते मांडवावर पडत होतं. घाम फुटून जागा व्हायचो. मग शैलाला विचारायचो, नक्की कुणाला लागलं नाही ना? ती प्रत्येक वेळी तितक्याच शांतपणे सांगायची, नाही.

एका संध्याकाळी मंगलचा फोन आला. प्रमोदचा जहाजावरून फोन लागला होता. विमानाचं तिने त्याला सांगून टाकलं होतं.

"काय म्हणाला?" मी उशीत तोंड खुपसूनच विचारलं.

"आधी पोरांचं विचारलं. मग तुमच्या डोळ्याचं. मग म्हणाले, इंजिन शाबूत आहे ना, मग रडतेस कशाला?"

"रडलीस?"

"त्यांच्याशी बोलताना रडले. तोपर्यंत वेळच नव्हता मिळाला."

डोळा थोडा वाचला. मोठी अक्षरं वाचता येतात, माणसं ओळखू येतात. पण सरळ रेघ मला नागमोडी दिसते आणि आकाशातलं विमान दिसतच नाही. उडवणं संपलं. लोक समजूत घालतात, दुरुस्ती तर करताच ना अजून. करतो. फासळ्या बोटांनी चाचपून जोडतो, रेडिओच्या वायरींना बारीक डाग देण्याचं, म्हणजे सोल्डरिंगचं काम मंगल शिवणाच्या कामातून वेळ काढून करून जाते. पण वर गेलेल्या विमानाचा नाद वेगळा असतो, तो मोडलेल्या विमानाने भागत नाही. मी तिला उतरवायला आधीच शिकवलं असतं तर बरं झालं असतं, असंही वाटतं. ती म्हणते, मग मी तुमच्यासारखंच मांडवाकडून आणायला गेले असते. खरं काय, कोण जाणे.

गडग्यावर मोडलेलं ते विमान आम्ही दोघांनी मिळून पुन्हा उभं केलं. गेल्या पावसाळ्यानंतर पहिल्या कोरड्या रविवारी मंगलने ते सड्यावर नेलं. मी बरोबर गेलो. वायर नाही, दुसरा रिमोट नाही. मी तिच्या मागे, एका दगडावर बसलो. सडा अजून हिरवा होता, कातळात पाणी साचलेलं. विमान उठल्याचं ऐकलं. वळणं ऐकली. एक, दोन, मग मोठी गिरकी. अधू डोळ्यांनी वर बघायचं मी कधीच सोडलं होतं, मान खाली घालून ऐकत होतो.

आणि मग इंजिन फडफडलं, खोकलं आणि बंद पडलं. या वेळी तिने बंद केलं नव्हतं. उंचावर, लांब, समुद्राच्या बाजूला कुठेतरी. मी ताडकन उठलो. "मंगल?"

वारा होता, लांब कुठेतरी रेल्वेची शिट्टी होती. मोकळ्या हातांचं काय करावं ते मला कळेना. एक बोट आपोआप वाकलं आणि हवेतच दाबून धरलं गेलं. किती वेळ गेला सांगता येणार नाही.

मग माझ्यापासून थोड्या अंतरावर कातळावर चाकं खरखरली, साचलेल्या पाण्यातून सपसप करत गेली आणि थांबली.

"उतरलं, काका," मंगल म्हणाली. "घ्या आता श्वास."